डावी बाजू बासची, उजवी ढोलकीची

शुक्रवार, ९ जानेवारी १९८७
कारखान्याला शुक्रवारची सुट्टी. शेजारच्या सुमनताईंचा टू-इन-वन मागून आणला, स्पीकरच्या खोक्यासमोर ठेवला आणि अर्धा तास बास गिटार वाजवली. परत लावून ऐकलं तर नुसतं भूं-भूं. डब्यात माशी अडकल्यासारखं. सूर कुठला, कुठून कुठे गेला, काही कळत नाही.
देसाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. दादरच्या कॅसेट कंपनीत गाण्यांना वादक जमवायचं काम करतात. परवा आमच्या ऑर्केस्ट्राच्या प्रोग्रॅमनंतर मागे येऊन म्हणाले, "बाई बास वाजवते हे बघायला छान वाटतं. पण मला बघायचं नाही, ऐकायचंय. टेप पाठव. ढोलकीबरोबर वाजव, म्हणजे ताल कळेल. मार्चअखेरपर्यंत."
तीन वर्षं वाजवतेय. 'ती साडीवाली' एवढंच ऐकलंय. ऐकायचंय असं कुणी म्हणालं नव्हतं.

सोमवार, १२ जाने.
ऑर्केस्ट्राचा माइक आणून बघितला. तो गाणाऱ्यांसाठीचा. खालचे सूर घेतच नाही. शिवाय टू-इन-वनची खोड आता कळली. तो स्वतःच आवाज चढवतो-उतरवतो. बाबांना म्हटलं, जरा ढोलकी वाजवा. थाप पडली की बास बुडतो, मग हळूच वर येतो, परत थाप, परत बुडतो. गटांगळ्या.
बाबा हसले. "वाजतंय ते कळतं गो कुंदे. काय वाजतंय ते नाय कळत."
बाबा तीस वर्षं गायन पार्टीत ढोलकी वाजवतात. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत भीमजयंतीला ज्या वस्तीत जातील तिथं लोक ओळखतात. त्यांना हसायला काय जातं.

शुक्र., १६ जाने.
लॅमिंग्टन रोड. सकाळी नऊला निघाले, संध्याकाळी सहाला घरी. पाय गेले.
एका दुकानात गल्फहून आलेलं चार ट्रॅकचं मशीन. एकेक वाद्य वेगळं घेता येतं म्हणे. किंमत ऐकून मीच हसले. दुकानदारही हसला, वाईट नाही वाटलं.
दुसऱ्या दुकानात कोपऱ्यात एक जुना कॅसेट डेक. आवाज हाताने कमीजास्त करायची बटणं, आवाज दाखवणाऱ्या दोन सुया, दोन माइकची भोकं. पाहिजे तसाच. "एक साइड गेली आहे ताई, म्हणून स्वस्त," दुकानदार म्हणाला. मला बास घ्यायचाय, एक बाजू पुरेल. मग ढोलकी कुठे घेणार? घेतला नाही. सबंध रस्ताभर, चूक केली, चूक केली.

शुक्र., २३ जाने.
घेतला. बरोबर एक हेडफोन, स्पंज उडालेला. टेबल फॅनसाठी ठेवलेले त्यात गेले. आई बोलत नाही. जेवायला वाढताना भांड्यांना बोलते. "उन्हाळ्यात ह्याच डबड्यासमोर बसा वारा खात."

मंगळ., २७ जाने.
गिटार सरळ डेकला लावली. आवाज पातळ, कण्हल्यासारखा. आणि खाली सतत घूं. घरातल्या विजेची घूं. गंमत म्हणजे ती बरोबर माझ्या खालच्या जी सुराच्या शेजारी बसते. जी वाजवला की दोघं भांडल्यासारखे थरथरतात. बाकी कुठलाही सूर चालला असता. जीवर तर माझी निम्मी गाणी.
झोप नीट नाही.

मंगळ., ३ फेब्रु.
कामावर जेवणाच्या सुट्टीत ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. दिवसभर शेटसाठी शेकड्यांनी गुंडाळते, एक माझ्यासाठी. गिटारकडून येतात ते वेढे जास्त, केसासारख्या बारीक तारेचे. डेककडे जातात ते कमी. तार दोनदा तुटली. शेजारी बसणारी लता म्हणाली, कुणाच्या ऑर्डरचा? म्हटलं, माझ्या.
घरी लावला. आवाज मोठा झाला! पण खालचे सूरच गायब. बास गिटारमधून बास काढून घेतला मी.

मंगळ., १० फेब्रु.
दुसरा. लोखंडी पत्त्यांचा गाभा मोठा घेतला, वेढे दीडपट. पहिल्याच वेळी कळायला हवं होतं, हे तर माझं रोजचं काम. खालचे सूर आले. जाड, गोल. अंगावर काटा.
पण घूं पण आली. ट्रा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बंद केला, थोडी कमी झाली. गेली नाही. डब्यावर मूल हसतंय, त्याच्याकडे बघून मलाच राग येतो.

शुक्र., १३ फेब्रु.
घरी होणार नाही. कुणाचा कुकर, कुणाचा रेडिओ, खाली नळावर भांडण. आणि घूं. आमच्या चाळीत अर्थिंग म्हणजे भिंतीतली नुसती तार, जमिनीपर्यंत पोचली की नाही देव जाणे.

बुध., १८ फेब्रु.
पाटीलकाकांना सांगितलं. ते पावणे गावचेच, आमच्या कारखान्याचे वॉचमन. कारखाना ज्या जमिनीवर आहे ती त्यांच्या बापाची. कधीमधी दाखवतात, "ही मशीन हाय ना, तिथं आमचा भाताचा खला व्हता." राग नसतो आवाजात. मला तेच जास्त लागतं.
म्हणाले, "शुक्करवारी ये. सगला पावना बंद असतंय. शेटला मी बगतो."

शुक्र., २० फेब्रु.
काय सांगू. आजूबाजूचे सगळे कारखाने बंद, मशिनांची अर्थिंग पक्की. डेक लावला, हेडफोन घातला, बटण दाबलं आणि काहीच नाही. घूं नाही! मला वाटलं डेक मेला. तार छेडली तर जी एकटाच, स्वच्छ, कितीतरी वेळ.
पा.काका दारात उभे. "या काय वाजवतंस गो? पोटान गुरगुरतंय माझ्या." त्यांना हेडफोन घातला. बराच वेळ काढला नाही.
मग उत्साहात डेकच उघडला. उजव्या बाजूची एक तार हेडपाशी तुटलेली, बाकी काही नाही. दुकानदाराने कधी उघडलाच नसणार. डाग दिला. दोन्ही सुया हलल्या.
म्हणजे डावीकडे बास, उजवीकडे ढोलकी. वेगवेगळं. चार ट्रॅकवाल्याच्या नाकावर टिच्चून.
येताना बसमध्ये जागा मिळाली तरी बसवेना.

रवि., १ मार्च
बाबांना विचारायला आठ दिवस लागले. का, माहीत नाही. ते म्हणाले, "मला काय विचारतेस, कुठं येऊ ते सांग." मग आरशासमोर जाऊन मिशी कापत बसले. शुक्रवारसाठी आजच.

शुक्र., ६ मार्च
बाबा पांढरा शर्ट घालून आले. टेपला शर्ट दिसत नाही म्हटलं, तर म्हणाले, मला दिसतो.
ऑर्केस्ट्राचा माइक ढोलकीपुढे, माझी तार ट्रा.मधून. तीन गाणी वाजवली, नुसतीच, शब्दांशिवाय. झकास झालं असं वाटलं. बाबा पण खूश. पा.काकांनी चहा आणला.
मग बाबांनी हेडफोन घातला. मला काही ऐकू येत नव्हतं, मी त्यांचं तोंड बघत होते. आधी हसले. डाव्या कानावर बोट ठेवलं, "आता कळतं काय वाजवतेस ते. लय भारी." मग गंमत म्हणून डाव्या कानावरचा काढला. नुसती ढोलकी ऐकायला.
हसू हळूहळू गेलं.
कॅसेट मागे घेतली. परत ऐकली. परत मागे.
"ही थाप माझी?"
"हो."
"दुसरं गाणं लाव."
तिन्ही ऐकली. मग हेडफोन टेबलावर ठेवला, अगदी हळू, फुटेल म्हणून ठेवावा तसा. "पार्टीतली पोरं कधी बोलली नाय," म्हणाले.
बसमध्ये ढोलकी मांडीवर. 

रवि., ८ मार्च
आज मी ऐकलं. आधी उजवी बाजू. बाबांच्या उजव्या हाताची बोटं उशिरा पडतात. प्रत्येक वेळी नाही. चार आवर्तनं नीट, पाचव्यात घसरतात, मग ते घाईने गाठतात. वस्तीत लाउडस्पीकरवर, टाळ्यांत, कोरसमध्ये कुणाला कळणार. इथं लपायला जागा नाही.
मग नुसती डावी ऐकली. तिथं जास्त वाईट. माझे सूर पण उशिरा. बरोबर त्याच जागी, तेवढेच. मी थांबतेय त्यांच्यासाठी. मला माहीतच नव्हतं. हात थांबतोय आपोआप. कधीपासून?
हे देसाईंना पाठवू?

शुक्र., १३ मार्च
पार्टीचे गायक गायकवाड आले. जयभीम, चहा, मग, "यंदा जयंतीला सात प्रोग्रॅम आहेत, रिहर्सलला या." बाबा म्हणाले, मनगट दुखतंय, राजूला घ्या. राजू म्हणजे पार्टीतला नवा ढोलकीवाला, विशीतला, तयार. गायकवाड माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर.
ते गेल्यावर आईचा स्फोट. "तुझ्या त्या डबड्यानं माणूस खाल्ला! तीस वर्षं कोण नाय काय बोललं, आणि ह्या बयेला मोजून बघायचं होतं!"
बाबा आतून, "तिला नको बोलू. वाजवलं मी."
त्याने जास्तच लागलं.
डेक पलंगाखाली सरकवला. दहा मिनिटांनी परत काढला. मला कुठेच बरं वाटत नाही.

मंगळ., १७ मार्च
बाबा स्टोव्ह पेटवत होते. काडी बोटांपर्यंत जळत आली, तरी धरून. मी ओरडले तेव्हा टाकली. बोटावर फोड. "दुखत नाही?" तर म्हणाले, "नाय."
मग हळूहळू निघालं. दोन वर्षं झाली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री सुन्न होतात, आता दिवसाही. रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं पिंपं फिरवली. कप हातातून पडायचे ते आईला वाटायचं चहा गरम. शर्टाचं बटण आई लावायची, त्यांचे लाड म्हणून.
"सांगितलं का नाही?"
"सांगितलं असतं तर डॉक्टर ढोलकी सोड म्हणाला असता."


गुरु., १९ मार्च
हाफ डे टाकून ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण. मनगटावर टिचकी मारली, बाबा दचकले. नस दाबली गेलीय, छोटं ऑपरेशन करू. बाबांनी विचारलं, "ढोलकी?" डॉक्टर म्हणाले, "सुन्नपणा वाढणार नाही एवढं सांगतो. गेलेलं परत किती येईल ते नाही सांगत." बाबांना हे आवडलं. खोटं बोलला नाही म्हणाले. पण हो पण म्हणाले नाहीत. "जयंती होऊ दे."

शुक्र., २० मार्च
बाबांनीच सांगितलं, राजूला घे, मार्च संपत आला. राजूला पावण्याला नेलं. पोरगा घड्याळासारखा. आणि मी? मी दर पाचव्या आवर्तनाला थांबते आणि तो थांबत नाही. आठ वेळा घेतलं. आठही वेळा तो पुढे आणि मी कुठेतरी मागे, हात पसरून. राजू शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही कुणाची वाट बघता?"
कॅसेट पुसली.

सोम., २३ मार्च
झोप नाही, भूक नाही. कामावर दोन ट्रा.चे वेढे चुकले. शेट म्हणाला, तुझं लक्ष कुठंय. आई नेरूळचं स्थळ म्हणतेय, मुलगा क्लार्क, नव्या सेक्टरात खोली. मी हो म्हणते, नाही म्हणते, काय म्हणते ते मलाच आठवत नाही.
देसाईंना लिहावं का, जमलं नाही म्हणून? अर्धं लिहिलं. फाडलं.

बुध., २५ मार्च
संध्याकाळी घरात बास घेऊन बसले, बिनस्पीकरची, नुसत्या तारा. बाबा खाटेवर पाठ करून. मी पाचव्या आवर्तनाला आले, थांबले, आणि पाठमोरेच बाबा म्हणाले, "धा."
मी वळून बघितलं.
"थांबू नको. धा गे ना ती, न क धी ना. चल."
तोंडाने म्हणत गेले. एक मात्रा इकडे नाही तिकडे नाही. अर्धा तास. आवाज जरा चिरका, पण ताल असा, की मला पाय टेकायला जमीन मिळाल्यासारखी. हात गेलाय, ताल कुठे गेलाय? डॉक्टरने मनगट तपासलं, ताल काही मनगटात नव्हता.
आई पीठ मळायची थांबली होती. परत मळू लागली.

शुक्र., २७ मार्च
पावणे. माइक बाबांच्या तोंडापुढे. ढोलकी आणलीच नाही. एकदा घेतलं, पुसलं. दुसऱ्यांदा त्यांना खोकला आला. तिसऱ्यांदा पूर्ण, तिन्ही गाणी. मध्ये एका जागी मी घसरले, तर त्यांनी बोल जरा जोरात टाकला आणि मला ओढून घेतलं. ते टेपवर आहे. राहू दिलं.
बाबांना म्हटलं, ऐका. "नको," म्हणाले. "तूच ऐक."
ऐकलं. दोन्ही कान. मग नुसता डावा. मी थांबत नाहीये.

सोम., ३० मार्च
सुटल्यावर तशीच दादरला. देसाई नव्हते, बाहेरगावी. शिपायाने कॅसेट घेतली आणि असल्या पन्नास कॅसेटच्या ढिगावर ठेवली. नाव, पत्ता लिहिलाय. दुसरी कॉपी नाही माझ्याकडे, ते बाहेर आल्यावर आठवलं. परत वर गेले तर दार बंद.

शुक्र., १० एप्रिल
काही नाही. पोस्टमनला रोज विचारते, आता तो मला बघून लांबूनच मान हलवतो.
गायकवाड परत आले. यंदा बास पण घेऊ म्हणतात, पार्टीत नवीन काहीतरी. मला. बाबांच्या समोर म्हणाले. बाबा म्हणाले, "जाईल ती."
मला कुणी विचारलं नाही.

मंगळ., १४ एप्रिल
जयंती. आमच्या दिघ्यातच पहिला प्रोग्रॅम. निळे झेंडे, पताका, गर्दी इतकी की स्टेजपर्यंत पोचायला वेळ लागला. राजू ढोलकीवर, मी त्याच्या डाव्या हाताला. पुढून तिसऱ्या रांगेत आई-बाबा. तोच पांढरा शर्ट. बाबांचा उजवा हात मांडीवर, डाव्या हाताखाली झाकलेला. ओठ हलत होते. माझ्यासाठी की गाण्यासाठी, इतक्या लांबून कळलं नाही.
चौथ्या गाण्यात राजू जोशात पुढे निघाला. गायकवाडांना ते पेलेना. मी धरून ठेवलं. खालचा जी, परत परत, तिथेच. दोन आवर्तनांत राजू आला परत. कुणाला कळलं नसेल.
घरी येताना बाबा पुढे, आम्ही मागे. वळणावर थांबले. "राजूला आवरलंस."
"हो."
"माझ्या वेळी का नाय आवरलंस?"
चिडून नाही विचारलं. खरंच विचारलं.  आई म्हणाली, चला, पोरं झोपली असतील आजूबाजूची, रस्त्यात काय उभे.

शुक्र., १७ एप्रिल
आज सुट्टी. पोस्ट नाही, गुड फ्रायडे.
सकाळी बाबा न सांगता निघाले. आईला वाटलं नळावर. दुपारी एकला आले, चप्पल धुळीने पांढरी. ठाण्याला जाऊन, ओपीडी बंद तरी वॉर्डातल्या डॉक्टरला गाठून, ऑपरेशनची तारीख घेऊन आले होते, एकटेच. पुढच्या महिन्यात, चार तारखेला. चिठ्ठी माझ्या हातात दिली. बटण स्वतः लावलं होतं, एक घर चुकलेलं.
"त्या दिवशी तुला दादरला बोलवलं तर?"
म्हटलं, बोलवलेलं नाही अजून.
"बोलवलं तर?"
म्हटलं, बघू.
"बघू नको, सांग," म्हणाले आणि जेवायला बसले. डाव्या हाताने कालवत होते, हळूहळू, कुणाकडे न बघता.
दादर की ठाणं, मी अजून सांगितलेलं नाही.